डिपॉझिट भरण्याआधी एक प्रश्न विचारा

इअरफोन नीट लावा, कारण आजचा एपिसोड तुमच्यापेक्षा तुमच्या घरच्यांच्या उपयोगाचा आहे. आणि घरात कुणी आजारी पडलं की 'बघ ना जरा मोबाइलवर' असं तुम्हालाच सांगतात, हे मला माहितीये.

विषय आहे धर्मादाय हॉस्पिटल. तुमच्या शहरातल्या मोठ्या, काचेच्या, चकाचक हॉस्पिटलांपैकी बरीचशी कंपन्यांची नसून ट्रस्टची आहेत. ट्रस्ट म्हटलं की सरकारकडून सवलती आल्या, म्हणजे करात सूट, काहींना स्वस्तात जमीन, काहींना जास्तीचं बांधकाम. या सवलतींच्या बदल्यात कायद्यानं त्यांच्यावर एक जबाबदारी टाकली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. त्याचं कलम ४१ एए, मराठी कागदपत्रांत ४१ कक. आणि हे प्रत्यक्षात कसं राबवायचं, त्याची योजना मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली घालून दिली.

योजना साधी आहे. एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, पूर्ण मोफत. आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी, सवलतीत. निर्धन कोण? ज्याचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत आहे तो. दुर्बल घटकाची मर्यादा ३ लाख ६० हजार. या मर्यादा २०१८ साली वाढवल्या, आधी त्या याच्या निम्म्याच्या आसपास होत्या. आता गणित करा. महिना १५ हजार कमावणारा वॉचमन निर्धन गटात बसतो. महिना ३० हजारवाला डिलिव्हरी बॉय दुर्बल घटकात. म्हणजे 'आपण काही गरीब नाही बुवा' असं म्हणणारी आपली निम्मी मित्रमंडळी यात येतात!

मग औषधांचं काय? खरा खर्च तिथेच असतो ना, औषधं, स्टेंट, रॉड, प्लेट. त्यासाठी हॉस्पिटलला इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. त्याला निर्धन रुग्ण निधी म्हणतात, हॉस्पिटलवाले आयपीएफ म्हणतात. निर्धन रुग्णाची औषधं आणि इम्प्लांट या निधीतून, तीही छापील किमतीनं नाही, हॉस्पिटलच्या खरेदीच्या भावानं. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधांचा आणि इम्प्लांटचा किमान निम्मा खर्च स्वतः करावा लागतो. १ कोटीच्या बिलांवर २ लाख बाजूला पडतात. मोठ्या हॉस्पिटलची उलाढाल डोळ्यासमोर आणा, ही रक्कम चिल्लर नाहीये.

आता मुद्द्यावर येते. आमचा चार-पाच जणांचा ग्रुप आहे, पेशंटच्या नातेवाइकांबरोबर कागदपत्रं घेऊन जातो. दर वेळी तीच गोष्ट. रात्री अकरा वाजता ॲडमिशन काउंटरवर पहिला प्रश्न, 'डिपॉझिट किती भरताय?' तुम्ही धर्मादाय योजनेत बसता का, हे तिथे कुणीही आपणहून विचारत नाही. मग मामाच्या, आत्याच्या, ऑफिसातल्या लोकांच्या गूगल पेवर पैसे गोळा होतात. चौथ्या दिवशी कुणीतरी सांगतं, अरे, इथे मोफत खाटा असतात. तेव्हा जावं तर उत्तर मिळतं, 'तुम्ही तर प्रायव्हेट रूम घेतलीत' किंवा 'पैसे भरलेत म्हणजे ऐपत आहे.' एका ताईंनी मंगळसूत्र गहाण ठेवून भरलेली रक्कम त्यांच्याविरुद्धच पुरावा म्हणून वापरली गेली. माझा राग आहे तो यावर. खाटा कागदावर रिकाम्या राहतात आणि माणूस त्याच इमारतीत कर्ज काढत बसतो.

म्हणून विचारायचं पहिल्या तासात. 'मेडिकल सोशल वर्कर कुठे बसतात?' एवढंच वाक्य. अर्जांची छाननी त्यांच्याकडेच असते. अर्ज लेखी द्या, त्याच्या फोटोकॉपीवर पोच घ्या, तारीख आणि वेळेसकट. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड. दाखला आत्ताच काढून ठेवा, आजारी पडल्यावर सेतू केंद्राच्या रांगेत कोण उभं राहणार? आणि जनरल वॉर्डच घ्या. स्वतंत्र खोली हवी आणि सवलतही हवी, हे जमत नाही.

'खाट शिल्लक नाही' हे उत्तर हमखास येतं. कधी ते खरंही असतं, सगळे खोटंच बोलतात असं मी म्हणणार नाही. पण धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या वेबसाइटवर हॉस्पिटलनिहाय खाटांची माहिती असते. फोन हातातच आहे, काउंटरवर उभं राहून उघडा. आकडा जुळत नसेल तर 'खाट नाही, हे लिहून द्या' म्हणा. बऱ्याचदा याच वाक्यावर 'थांबा, सरांशी बोलतो' सुरू होतं. तरीही नाहीच म्हणाले तर त्या जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार. सह आयुक्त किंवा उपायुक्त बसतात तिथे, आणि पोच घेतलेला तो अर्ज तेव्हा कामाला येतो.

इमर्जन्सीचं वेगळं आहे. अपघात, हार्ट अटॅक, अशा वेळी धर्मादाय हॉस्पिटलनं डिपॉझिट न मागता ताबडतोब दाखल करून घ्यायचं, जीव वाचवणारे उपचार द्यायचे, पेशंट स्थिर करायचा आणि मग गरज असेल तर सरकारी हॉस्पिटलला हलवायचं. कागद नंतर. तसंही जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो की खासगी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलंय.

एक कमेंट नेहमी येते, 'महात्मा फुले योजना आहे की, मग हे कशाला?' ती वेगळी. ती विम्यासारखी चालते, ठरावीक उपचारांना, यादीतल्या हॉस्पिटलांत. तुमचा उपचार तिच्यात बसला नाही, तर ही धर्मादाय खाट उरते. दोन्हीकडे विचारा.

तुमच्या भागातलं कुठलं हॉस्पिटल ट्रस्टचं आहे, ते आज बोर्ड वाचून बघा. नावाबरोबर 'धर्मादाय' लिहिलेलं दिसायला हवं. नसेल तर फोटो काढून ठेवा, पुढच्या एपिसोडात तक्रारीचा अर्ज कसा लिहायचा ते ओळीनं सांगते.