दोन मथळ्यांची कसोटी

गिऱ्हाइकाचें मन आपणांस ठाऊक आहे, असा प्रत्येक व्यापाऱ्याचा समज असतो. त्या समजाची एक परीक्षा २०१२ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ‘बिंग’ या शोधयंत्रावर झाली.

शोधाच्या उत्तरांसोबत तेथें जाहिराती दिसतात. जाहिरातीच्या मजकुराची पहिली ओळ मथळ्यालाच जोडावी, असें एका कर्मचाऱ्यानें सुचविलें होतें. वरिष्ठांस ती सूचना क्षुल्लक वाटली व सहा महिन्यांहून अधिक काळ ती तशीच पडून राहिली. अखेर, खर्च थोडा आहे असें पाहून एका अभियंत्यानें ती प्रयोगास लावली.

प्रयोगाची रीत साधी असते. येणाऱ्या लोकांचे नाणेफेकीप्रमाणें दोन गट पाडावयाचे; एकास जुना मथळा दाखवावयाचा, दुसऱ्यास त्याच वेळीं नवा. वार, सण, बाजारभाव यांचा परिणाम दोहोंकडे सारखाच होतो. मग उरणारा फरक मथळ्याचा ठरतो. मात्र आरंभींच्या आंकड्यांवर भुलून प्रयोग मध्येंच थांबविला, तर योगायोगालाच गुण मानण्याची चूक घडते.

येथें कांहीं तासांतच उत्पन्न इतकें वाढलें कीं, चूक झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा जागी झाली. चौकशीअंतीं चूक आढळली नाहीं. उत्पन्न १२ टक्क्यांनीं वाढलें होतें; एकट्या अमेरिकेंत वर्षाला दहा कोटी डॉलरांहून अधिक! शोध घेणाऱ्यांची गैरसोयही वाढली नव्हती.

बहुतेक सूचना कसोटीस उतरत नाहींत, हें खरें. परंतु कोणती उतरेल, हें जाणत्यांनाही आधीं सांगतां येत नाहीं. आणि न तपासलेल्या सूचनेचें नुकसान कोणत्याही हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं.