विद्यार्थीकृतीचा रकाना



आपण या खुर्चीला लायक नाही, असं शिक्षक संमेलनाच्या अध्यक्षानं सुरुवातीला म्हणायचं असतं. ते मी गाळते. वेळ थोडा आहे आणि मला एका चुकीबद्दल बोलायचं आहे. चूक माझी, साल १९८४, गाव हेच.

मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सराव पाठांसाठी पूर्व भागातली एक शाळा मिळाली. पूर्व भाग म्हणजे काय, ते सोलापूरकरांना सांगायला नको. गल्लीत मागांचा खडखडाट, ओट्यावर मांडीत सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया, आणि घराघरांत तेलुगू. शाळा मात्र मराठी माध्यमाची. वर्ग दुसरीचा. रात्री जागून शब्दपट्ट्या रंगवल्या होत्या, खादीफलकावर टिकाव्यात म्हणून त्यांच्या पाठीला वाळूकागद डकवला होता. तयारी अशी जय्यत.

फळ्यावर चार वाक्यं लिहिली आणि एका मुलीला उठवलं. एकेका शब्दावर पट्टी ठेवत तिनं वाचलं, ‘‘विहिरीत नीळ्ळु आहे.’’ वर्ग खो खो हसला. मीही हसले असेन. ‘‘चूक. पुन्हा वाच,’’ म्हटलं. ती पुन्हा वाचेना. पुढचे चार दिवस तिनं तोंडच उघडलं नाही.

शेजारचा मुलगा मात्र खणखणीत वाचायचा. त्याला मी दोनदा शाबासकी दिली. निरीक्षकांनीही माझ्या वहीत शेरा मारला, ‘प्रकट वाचन समाधानकारक’. तिसऱ्या दिवशी खिडकीतून वारा आला, त्याच्या पुस्तकाचं पान उलटलं, आणि पोरगं मागच्याच पानावरचा धडा म्हणत राहिलं. बोट नव्या पानावरून बिनघोर सरकत होतं.

मी सात रस्त्याकडची, मला तेलुगूचा गंध नाही. शेवटी शाळेच्या शिपाईमामांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘नीळ्ळु म्हंजे पाणी, बाई. घराला इल्लु.’’

म्हणजे त्या मुलीनं अक्षरं ओळखली होती, शब्द जुळवला होता, त्याचा अर्थ लावला होता, आणि तो अर्थ घरच्या भाषेत तोंडातून निसटला होता. वर्गात त्या दिवशी खरोखर वाचलं असेल तर तिनंच.

आता आमच्या पाठ टाचणाची गंमत ऐका. त्यात दोन रकाने असायचे, शिक्षककृती आणि विद्यार्थीकृती. दोन्ही आम्ही आदल्या रात्री घरी बसून भरायचो. ‘विद्यार्थी योग्य उत्तर देतील.’ कोणता विद्यार्थी, काय उत्तर देईल, हे सगळं पाठाआधीच ठरलेलं. प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, कशाकशाला गुण होते. मूल बोलत असताना कान देण्याला गुण नव्हते. पुढे मी स्वतः अध्यापक विद्यालयात शिकवायला लागले आणि कितीतरी वर्षं त्याच रकान्यांवर सह्या केल्या, हेही कबूल करते.

फार नंतर केनेथ गुडमन या अमेरिकी अभ्यासकाचं लेखन हाती आलं. मोठ्यानं वाचताना मूल कसं चुकतं, यावरून ते वाचतं कसं हे कळतं, असं तो १९६०च्या दशकापासून सांगत होता. ते मला पटलं. वाचन म्हणजे संदर्भावरून अंदाज बांधणं, हे १९६७ सालचं त्याचं म्हणणं मात्र पुढच्या संशोधनात टिकलं नाही, आणि वर्गात तर नाहीच नाही. अक्षर यायलाच लागतं.

आणि आपली अक्षरं दिसतात तेवढी सरळ नाहीत. ‘दिवा’ घ्या. ह्रस्व वेलांटी कागदावर दच्या आधी, उच्चारात दच्या नंतर. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे जाणारं मूल तिथं ठेचकाळणारच. ‘इदवा’ वाचणारी पोरं मी ऐकली आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर टपली मारणारे शिक्षकही पाहिले आहेत. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च लिहायला एकच, बोलायला दोन. कानावर मराठी पडलेलं मूल ते सांभाळून घेतं. बाकीच्यांना आपण सांगतच नाही.

फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी अ ते ज्ञ ही सगळी पलटण आधी घोकून घेणं सोडलं. थोडी अक्षरं, सोबत एखादं-दुसरं स्वरचिन्ह, आणि लगेच त्यांतून होणारे अर्थाचे शब्द. जन्मानं अमेरिकन बाई मराठी शिकून इथल्या मुलांना वाचतं करते, आणि आम्ही अजून ‘क कमळाचा’वर. पूर्व भागात क कांडीचा असतो हो, मागावरच्या कांडीचा!

‘असर’ या शैक्षणिक पाहणीचे आकडे आले की आपण रागावतो. पण २००५पासून त्यांचे स्वयंसेवक घरोघर जाऊन एका वेळी एकाच मुलासमोर बसतात आणि अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट असं वाचून घेतात. आपल्याकडे चाळीस जण एका सुरात म्हणतात. त्यात कोण नुसते ओठ हलवतंय, ते कसं कळणार? आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२०चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हापासून त्यांचे पुस्तकांवरचे क्यूआर कोड सर्वांच्या तोंडी आहेत. कोड मुलाला ऐकवतो, छानच. मुलाचं ऐकायला कुणी बसतं का, एवढंच मी विचारते.

त्या मुलीचं राहिलं. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिच्या दप्तरात आईचं विड्यांचं कार्ड होतं. शाळा सुटली की विड्या टाकायला तीच जायची. किती दिल्या, किती नापास करून बाजूला काढल्या, त्याची नोंद त्यावर. म्हटलं, वाच बघू. तिनं घडाघडा वाचलं, एका ओळीवर थांबली आणि म्हणाली, ‘‘हितं कमी लिवल्यात, बाई. आई भांडून आली.’’

मी तिची पाटी घेतली आणि देवनागरीत ‘नीळ्ळु’ लिहिलं. ळला ळ जोडलेलं अक्षर मी त्या वर्गाला शिकवलेलं नव्हतं. तिनं बराच वेळ बघितलं, ओठ हलवले, मग मोठ्यानं वाचलं. फ्रॉकच्या टोकानं पाटीची उरलेली बाजू पुसली आणि माझ्याकडं सरकवली.

‘‘आता इल्लु लिवा.’’