दोन चमचे तेल आणि माशाचा टाको

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाने घेतलेल्या पाककृती सत्रातील भाषण. बोलणं बरंचसं जसंच्या तसं ठेवलं आहे.)



मंडळाने मला सांगितलं, काहीतरी नवीन दाखवा, पण तळकट नको. बरोबरच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी इथे ताबा घेतला तेव्हा आपण तिशी-पस्तिशीत होतो. आता बहुतेक घरांत जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी गोळ्यांचा डबा असतो. आमच्याकडेही डॉक्टरांनी ‘मासे खा, पण तळलेले नकोत’ असं सांगितलं, आणि आमच्या यांचा चेहरा पडला. तळलेला नाही तर मासा कसला, असं त्यांचं म्हणणं. त्यावर मला सापडलेलं उत्तर म्हणजे तव्यावरच्या माशाचा टाको.

टाको म्हणजे लहानशी पातळ पोळी. तिच्यात काहीतरी गरम, वर काहीतरी कच्चं आणि आंबट, आणि दुमडून हातात धरून खायचं. पदार्थ मेक्सिकोचा. माशाचा टाको त्यातही बाहा कॅलिफोर्नियाचा, म्हणजे अमेरिकेच्या सीमेखाली समुद्रात लांबच लांब उतरलेली जमिनीची पट्टी आहे ना, तिथला. एन्सेनादा नावाचं बंदर आहे. लेकीकडे सॅन दिएगोला होते तेव्हा आम्ही तिथे जाऊन आलो. मासळी बाजाराला लागूनच टाकोच्या गाड्या. तिथे मासा पिठात बुडवून तेलात तळतात, वर बारीक चिरलेला कोबी, पांढरी पातळ चटणी, टोमॅटो-कांदा, आणि लिंबू पिळायचं. 1983 साली राल्फ रुबिओ या माणसाने सॅन दिएगोत माशाच्या टाकोचं दुकान काढलं, आणि मग अमेरिकेत तो पसरला. घरी करणाऱ्यांनी पुढे तळण काढून तवा आणला. मी सांगणार आहे तो हा घरगुती प्रकार.

आता पोळीचं. तिकडची मूळ पोळी मक्याची. आपण मक्याच्या पिठाची भाकरी करून दुमडायला गेलो तर तिचे दोन तुकडे होतात, त्यांची होत नाही. याचं कारण चुना! मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, धुऊन सालं काढतात आणि मग ओला वाटतात. चुन्यामुळे पीठ चिकटून येतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगं होतं. हजारो वर्षांपासूनची पद्धत आहे ही. युरोपीय लोकांनी मका नेला, पण चुन्याची ही रीत नेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पुढे पेलाग्रा नावाचा रोग झाला. मला ही गोष्ट फार लक्षात राहिली. पदार्थ उचलताना त्याच्यामागचं आजीचं शहाणपण मागे राहिलं की असं होतं.

पण घाबरू नका, चुना लावायचा नाही. मेक्सिकोच्या उत्तर भागात गव्हाच्या पोळीचाही टाको सर्रास खातात. त्यामुळे आपला फुलका इथे अगदी शोभतो. नेहमीची कणीक घ्या, वाटीने कापून तळहाताएवढे फुलके लाटा आणि करून कापडात गुंडाळून ठेवा. चार माणसांना बारा पुरतात. तरुण मुलं असतील तर सोळा.

मासा अर्धा किलो, बिनकाट्याचा. सुरमई किंवा रावस. कोळणीला सांगा, मधला काटा काढून दे आणि दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कर. बांगडा चवीला माझा लाडका, पण टाकोत काटा आला की मुलं पुन्हा हात लावत नाहीत. बोंबील ओले असतात, तव्यावर विरघळतात. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा फ्रीजरमधला घ्यायला हरकत नाही. फक्त तो आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवून हळूहळू सुटू द्या.

आणि आता नीट ऐका, कारण सगळी करामत इथे आहे. मासा धुतला की कोरडा करा. स्वच्छ फडक्याने दाबून, खरंच कोरडा. ओला मासा तव्यावर गेला की आधी पाणी उकळतं, मासा वाफेवर शिजतो, चिकटतो, आणि मग आपण घाबरून आणखी तेल ओततो. तेल जास्त लागतं ते बरेचदा याच पाण्यामुळे.

कोरड्या तुकड्यांना एक चमचा लाल तिखट, अर्धा चमचा जिरेपूड, दोन लसूण पाकळ्या ठेचून, चिमूटभर चुरडलेला ओवा आणि पाऊण चमचा मीठ लावा. तिकडे ओरेगॅनो घालतात. ओव्याचा वास त्याच्या जवळपास जातो, म्हणून ओवा. मालवणी मसाला घातला तर? घाला की. त्यातली मिरची तरी मूळची कुठली? मेक्सिकोच्या बाजूचीच, पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेली. फक्त लिंबू आधी लावून ठेवू नका. आंबटाने मासा न शिजवताच पांढरा आणि भुसभुशीत होतो. लिंबू खाताना.

दहा मिनिटांनी तुकड्यांवर तांदळाचं पीठ भुरभुरवा, रव्याचा थर नको. बिडाचा तवा चांगला तापू द्या. एक चमचा तेल सगळीकडे फिरवा, अर्धे तुकडे अंतर ठेवून मांडा आणि हात बाजूला घ्या. उलथणं घालून सारखं डिवचायचं नाही. मासा तयार झाला की आपणहून तवा सोडतो. सोडत नसेल तर अजून वेळ आहे, एवढंच. पहिल्या बाजूला साधारण तीन मिनिटं, उलटल्यावर दीड-दोन. काट्याने टोचल्यावर पाकळ्या सुटल्या आणि आत काचेसारखं काही दिसलं नाही की झाला. दुसऱ्या खेपेला दुसरा चमचा तेल. म्हणजे चौघांत दोन चमचे!

वरच्या गोष्टी पटकन सांगते. कोबी केसासारखा बारीक, मीठ-लिंबू लावून. टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची यांची कोशिंबीर, दाण्याचं कूट आणि दही न घालता. पांढऱ्या चटणीसाठी चक्का, लसूण, मीठ, थोडं पाणी. इथे कुणीतरी म्हणणारच की माशाबरोबर दूधदुभतं विरुद्ध अन्न. चरकसंहितेत माशाबरोबर दूध वर्ज्य सांगितलंय, हे खरं. बंगाली लोक दह्यातला मासा आनंदाने खातात, हेही खरं. मनात किंतु असेल तर नारळाचं घट्ट दूध घ्या, चव वेगळी पण छान लागते. अव्होकाडो नसला तरी काही अडत नाही.

आता थोडं वासाबद्दल. सेक्रेटरी साहेब हसताहेत, म्हणजे त्यांना आठवलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी वार्षिक सभेत माशाच्या वासावरून अर्धा तास गेला होता. कुणाचं चुकलं त्यात मी पडत नाही. पण त्यानंतर आमच्या मजल्यावर काय झालं ते सांगते. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. बुधवार, शुक्रवार, रविवार हे त्यांचे माशांचे वार. सभेनंतर मी डक्टची खिडकी बंद करून, मे महिन्याच्या उकाड्यात घामाने निथळत दोन तुकड्या तळायचे. महिन्याभराने त्याच म्हणाल्या, “राहू दे गं, मला आता मासे आवडेनासे झालेत.” त्यांना मासे आवडेनासे होणं शक्यच नव्हतं. आणि ज्यांनी तक्रार केली त्यांनाही खरंच त्रास व्हायचा, जन्मात ज्या घरात मासा आला नाही त्या घराला तो वास किती झोंबतो हे मला कळतं.

म्हणून वासाचं गणित सांगते. बराचसा वास पसरतो तो भरपूर तेल कडकडीत तापून त्याची वाफ हवेत उडते तिच्याबरोबर. ती वाफ पडद्यांवर, जिन्यावर जाऊन बसते. तव्यावर दोन चमच्यांत आठ-दहा मिनिटांत काम उरकलं की फरक आपल्याला स्वतःलाच कळतो. दुसरं, मासा ताजा हवा. शिळा होत जातो तसा त्यात तो उग्र वास तयार होतो. तो आंबटाने बांधला जातो, म्हणून तवा थंड झाला की लिंबाच्या सालीने घासा आणि ओट्यावर कोकमाचं किंवा चिंचेचं पाणी फिरवा. तिसरं, काटे, साल, डोकी कागदात गुंडाळून पिशवीत बांधा आणि सकाळी कचरा नेईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण आमच्याकडे आता हेच चालतं, आणि रात्रभर ओल्या कचऱ्याच्या डब्यातून येणारा वास, जो खरा भांडणाचा मुद्दा होता, तो येतच नाही.

जे मासे खात नाहीत त्यांनी आता उठून जाऊ नये. कोकणात सुरणाचे आणि कच्च्या केळ्याचे काप करतात, ते याच मसाल्यात, याच पिठात, तेवढ्याच तेलात होतात. सुरण खाजरं असेल तर आधी चिंचेच्या पाण्यात ठेवा. काप पातळ हवेत आणि आच मंद, झाकण घालून, कारण माशापेक्षा त्यांना दुप्पट वेळ लागतो. तवा वेगळा, उलथणं वेगळं, आणि काप आधी. ‘एकाच तव्यात चालतं हो’ असं दुसऱ्याच्या वतीने आपण म्हणायचं नाही. फुलके, कोबी, कोशिंबीर, चटण्या मात्र सगळ्यांच्या सारख्याच. ज्याने त्याने आपल्या हाताने भरून घ्यायचं, त्यामुळे कुणाच्या ताटात काय आहे याची चर्चाच होत नाही. गेल्या कोजागिरीला आमच्या मजल्यावर चार घरांनी असंच केलं. तक्रार करणाऱ्या घरातल्या काकी कापांचे पाच टाको खाऊन गेल्या आणि मसाल्याचं प्रमाण लिहून घेतलं. मासे त्यांच्यापासून चार हातांवर होते. खिडक्या उघड्या होत्या.

तर मंडळी, हॉलच्या बाहेर टेबलं मांडली आहेत. डावीकडचा तवा कापांचा, तो सुरूही झाला आहे. उजवीकडचा माशाचा, तो मी आता पेटवते. फुलके मधल्या टेबलावर आहेत. मुलांनी आधी हात धुवावेत, आणि लिंबं कापायला मला दोघीजणी हव्यात.