चौकीच्या बंद दारामागील बालक



राज्यसंस्था एखाद्या व्यक्तीला ताब्यात घेते, त्या क्षणापासून त्या व्यक्तीच्या देहाचे रक्षण हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरते. ताब्यातील व्यक्ती अज्ञान बालक असेल, तर हे कर्तव्य अधिकच कठोर होते. बालकाला कायदा ठाऊक नसतो, वकील कोठे मिळतो ते माहीत नसते आणि समोरच्या गणवेशधारी माणसाला नकार देण्याचे बळही नसते. अशा बालकाला चौकीत मारहाण झाली, त्याची विटंबना झाली, तर एखाद्या शिपायाचा तोल सुटला असे म्हणून समाजाला हात झटकता येत नाहीत. ज्या गणवेशाकडे मुलाने आधार म्हणून पाहावे, त्याचीच त्याला आयुष्यभर धास्ती बसते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. २६ मार्च १९७२ ची रात्र. स्थळ देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आताचा गडचिरोली. मजुरी करून पोट भरणाऱ्या एका आदिवासी मुलीला, तिच्या भावाने दिलेल्या तक्रारीच्या संदर्भात पोलीस चौकीत आणण्यात आले. वैद्यकीय तपासणीनुसार तिचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान होते. जबाब झाले, इतरांना बाहेर जाण्यास सांगण्यात आले आणि मुलीला आत थांबवून घेण्यात आले. बाहेर वाट पाहणाऱ्या नातेवाइकांना चौकीतील दिवे मालवलेले आणि दार बंद दिसले. त्यांनी हाका मारल्या, लोक जमले. मुलगी बाहेर आली आणि आपल्यावर अत्याचार झाल्याचे तिने सांगितले. संतप्त जमाव चौकी पेटवून देण्याची भाषा करू लागला. अखेर वरिष्ठ हवालदाराला बोलावून आणले गेले, त्याने जमावाला शांत केले आणि मुलीची फिर्याद नोंदवून घेतली.

पुढचा न्यायालयीन प्रवास सर्वश्रुत आहे. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एकाला पाच वर्षांची, तर दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याची खूण नाही, हे त्या निकालामागील एक प्रमुख कारण होते. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीपोटी आलेली शरणागती आणि संमती यांत काही भेद आहे की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नाने देश ढवळून निघाला. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र व गंभीर गुन्हा ठरला आणि अशा खटल्यात, शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर पीडितेने संमती नाकारली, तर न्यायालयाने संमती नव्हती असे गृहीत धरावे, ही तरतूद आली. देसाईगंजच्या त्या मुलीला मात्र या बदलाचा काहीच लाभ झाला नाही.

कारागृहांतील मुलांचा प्रश्नही त्याच काळात पुढे आला. कानपूरच्या मध्यवर्ती कारागृहात अल्पवयीन मुलांचे लैंगिक शोषण होत असल्याच्या बातम्यांवरून १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तेथे पाहणी करण्यास सांगितले. मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेमुळे १९८६ मध्ये देशभरातील कारागृहांत खितपत पडलेल्या मुलांचा प्रश्न त्याच न्यायालयासमोर आला. मुलांना तुरुंगात ठेवता कामा नये, ही भूमिका न्यायालयाने ठामपणे मांडली आणि त्याच वर्षी देशाला पहिला केंद्रीय बाल न्याय कायदा मिळाला.

आज २०१५ चा बाल न्याय अधिनियम लागू आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळासमोर उभे करावे लागते. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी आणि प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक असावे, असे कायदा सांगतो. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार बालकाला बेड्या घालता येत नाहीत, त्याच्यावर बळाचा वापर करता येत नाही, त्याला जबाबावर सही करण्यास भाग पाडता येत नाही. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यात तर असे स्पष्ट म्हटले आहे की, कोणत्याही कारणास्तव बालकाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवू नये. देसाईगंजच्या रात्रीचा धडा कायद्याने चाळीस वर्षांनी का होईना, गिरविला.

मग उणीव कोठे आहे? पहिली उणीव अंमलबजावणीची. मुलांना कोठडीत डांबून छळल्याच्या बातम्यांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाला फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा बजावावे लागले की, बाल न्याय मंडळांनी मूक प्रेक्षक बनून राहू नये. प्रकरण समोर आल्यावरच आदेश द्यावा असे त्यांचे काम नाही. मूल कोठडीत असल्याचे कळताच त्यांनी पावले उचलली पाहिजेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात ध्वनिमुद्रणासह सीसीटीव्ही बसविण्याचा आणि चित्रण अठरा महिने जतन करण्याचा आदेश दिला. तरीही बंद पडलेल्या कॅमेऱ्यांची दखल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली.

दुसरी उणीव कायद्यातीलच आहे. बालकावरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात सिद्धतेचा भार ‘पॉक्सो’ने आरोपीकडे वळविला. परंतु कोठडीत मुलाचा हात मोडला, पाठीवर वळ उठले, तर त्या बंद खोलीत काय घडले हे सिद्ध करण्याचा भार अजूनही मुलाच्या बाजूवरच पडतो. कोठडीत झालेली इजा पोलिसांनीच केली असे न्यायालयाने गृहीत धरू शकावे, ही शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्ये आपल्या ११३ व्या अहवालात केली. २०१७ च्या २७३ व्या अहवालात ती पुन्हा मांडली गेली. २०२३ मध्ये नवा भारतीय साक्ष्य अधिनियम झाला, तरी त्यात तिला स्थान मिळाले नाही. ज्या खोलीची किल्ली पोलिसांच्या हाती आहे, त्या खोलीत काय घडले याचे उत्तरही पोलिसांनीच दिले पाहिजे, हा साधा न्याय आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पोलीस अपुऱ्या मनुष्यबळावर, सणासुदीलाही घरदार सोडून राबतात; त्यांच्यामागे चौकशांचा ससेमिरा लावला तर त्यांचे मनोधैर्य खचेल. पोलिसांच्या कष्टांविषयी समाजाने कृतज्ञ असलेच पाहिजे. परंतु उत्तरदायित्वाने प्रामाणिक अधिकाऱ्याचे बळ वाढते. चालू कॅमेरा त्याला खोट्या आरोपापासून वाचवितो, वेळेवर झालेली वैद्यकीय तपासणी त्याची निर्दोषता सांगते. मारहाणीने तपास होतो, हाही भ्रमच आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य नाही, हा नियम १८७२ पासून चालत आला आहे. मुलाला बदडून मिळालेली कबुली न्यायालयात टिकत नाही आणि खरा गुन्हेगार मात्र मोकाट राहतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना रयतेला उपद्रव देऊ नका अशी कडक ताकीद दिली होती. तिने सैन्याचे मनोधैर्य खचले नाही. शस्त्रधारी सेवकाला शिस्त असते, म्हणूनच रयत त्याला आपला मानते.

सामान्य नागरिकाच्या हाती काय आहे? पुष्कळ काही आहे. आपल्या भागातील पोलीस ठाण्याचा बाल कल्याण अधिकारी कोण, हे प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्याला ठाऊक असावे. एखादे मूल उचलून नेल्याचे कळताच दोन-चार जबाबदार माणसांनी, शक्यतो एखाद्या महिलेसह, ठाण्यात जावे, पालकांना कळविले काय ते विचारावे आणि बालकाला मंडळासमोर कधी नेणार याची चौकशी करावी. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक लक्षात ठेवावा. बालकाला विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. अंगावर जखमा असतील तर त्याच दिवशी वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरावा आणि ठाण्यातील चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी करावी. महाराष्ट्रात २०१४ च्या दुरुस्तीने पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली आहे. तेथे तक्रार नेता येते.

हे मूल कोणत्या जातीचे, कोणत्या वस्तीतले, त्याच्यावर आळ कसला, हे प्रश्न अशा वेळी गौण आहेत. मोबाईल चोरल्याचा संशय असलेला झोपडपट्टीतला मुलगाही याच समाजाचे लेकरू आहे. त्याने अपराध केला असेल, तर त्याला सुधारण्याचा मार्ग कायद्यात आहे. मोडून टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही.

देसाईगंजला त्या रात्री लोक चौकीबाहेर थांबले, म्हणून फिर्याद लिहिली गेली. जाळपोळ झाली असती, तर त्या मुलीची फिर्याद दंगलीच्या धुरात हरवून गेली असती. नोंदवलेला कागद राहिला आणि अकरा वर्षांनी त्याच कागदाच्या मागोमाग देशाचा कायदा बदलला. चौकीच्या बंद दारापुढे शांतपणे, चिकाटीने उभा राहणारा आणि लेखी उत्तर मागणारा समाज हेच ताब्यातील प्रत्येक बालकाचे पहिले संरक्षण होय.