दोनदा उमटलेला ‘भारत’

श्रोतेहो, आमच्या प्रताप नगरात मला नाण्यांवाले काका म्हणून ओळखतात. त्यामुळे चौकात भाजी घ्यायला गेलो तरी कुणीतरी खिशातून रुपया काढून माझ्यासमोर धरतंच. ‘काका, यावर भारत दोनदा उमटलंय. डबल डाय आहे ना? किती येतील?’ हल्ली हाच प्रश्न पत्रांतूनही यायला लागला, म्हणून आज त्यावर बोलतो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. एक रुपया येईल.

नाण्यावरचं अक्षर दुहेरी दिसण्याची दोन अगदी निराळी कारणं आहेत. पहिलं साच्यातलं. टांकसाळीत ज्या पोलादी साच्याने नाणं ठोकतात, तो साचाही दाब देऊनच बनतो. उठावाचं चित्र असलेला मूळ ठसा कोऱ्या साच्यावर दाबायचा. जुन्या पद्धतीत एका दाबात चित्र पुरेसं उतरत नसे, म्हणून साचा तापवून मऊ करायचा आणि पुन्हा दाबायचा. या दुसऱ्या खेपेला ठसा केसभर जरी फिरला, तरी साच्यातच दोन चित्रं उमटतात. मग त्या साच्याचं प्रत्येक नाणं दुहेरी, त्याच जागी आणि तेवढ्याच अंतराने. हा खरा डबल डाय.

दुसरं कारण यंत्रातलं. साचा निर्दोष असतो, पण प्रेसमध्ये किंचित सैल बसलेला असतो. ठोका पडतो, अक्षर उठतं, आणि साचा मागे हटता हटता त्या ताज्या अक्षरावरून घसरतो. अक्षराची कड चेपली जाते. याला म्हणतात मशीन डबलिंग. ऑफिसातला रबरी शिक्का आठवा. शिक्काच चुकीचा कोरलेला असणं वेगळं आणि मारताना कारकुनाचा हात हलणं वेगळं. आजच्या प्रेसमधून मिनिटाला शेकडो नाणी पडतात. तिथे साचा जरा हलला, यात नवल कसलं? त्याला संग्राहक पैसे मोजत नाहीत.

आता ओळखायचं कसं? दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. दिवा डोक्यावर नको, बाजूला ठेवा. नाणं बोटांत कडेने धरा आणि हळूहळू कलतं करा. ‘भारत’ची शिरोरेषा शोधा आणि तिचं टोक बघा. खऱ्या डबल डायमध्ये ठसठशीत अंतर असेल, तर तिथे दोन टोकं दिसतील. दोन्ही गोलसर, दोन्ही उठावाची, आणि मध्ये बारीक खाच. अक्षर एकूण जाड झालेलं असतं, कारण दुसरं अक्षर पहिल्यात भर घालतं. मशीन डबलिंगमध्ये उलटं होतं. अक्षराच्या कडेला एक सपाट पायरी दिसते. खालच्या पातळीवर, चपटी, प्रकाशात चमकणारी. आणि मूळ अक्षर तेवढंच बारीक झालेलं असतं, कारण ती पायरी त्याच्याच अंगातून चेपून निघालेली आहे.

सपाट पायरी दिसली की विषय संपला. मग नाण्यावर साल कुठलंही असो, सिंहाखालचं ‘सत्यमेव जयते’ सुद्धा दुहेरी असो. सपाट म्हणजे यंत्राचं. ‘पण काका, अंतर खूप आहे हो.’ असू द्या ना! अंतर किती आहे हे बघायचंच नाही, वरचा पृष्ठभाग गोल आहे की सपाट हे बघायचं. ‘माझ्याकडे अशी तीन आहेत.’ सैल साच्याखालून लागोपाठ पडलेली नाणीही सारखी दिसू शकतात. ‘मोबाइलवर झूम करून स्पष्ट दिसतं.’ बाप्पा, मोबाइल कडा स्वतःच ठळक करतो! भिंग शंभर-दोनशे रुपयांत मिळतं, ते घ्या. आणि सपाट असेल तर ते नाणं खर्चून टाका.

खरा डबल डाय कसा असतो, याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं, १९५५ सालचं एक सेंटचं नाणं. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतली चूक लक्षात आली, तोवर ती नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळून गेली होती. वीसेक हजार तशीच बाहेर पडली. तेव्हा तिकडे सिगारेटचं पाकीट तेवीस सेंटचं आणि यंत्रात टाकायचं नाणं पंचवीसचं. उरलेले दोन सेंट पाकिटाच्या वेष्टणातच घालून देत, आणि त्या सुट्ट्यांतून लोकांना ही नाणी सापडली. त्यावरचं साल भिंगाशिवाय दुहेरी दिसतं. त्याच वर्षीचं आणखी एक नाणं आहे, झिजलेल्या साच्यामुळे शेवटचा पाच दुहेरी भासणारं. त्याला तिकडे ‘गरिबांचा डबल डाय’ म्हणतात. नाव झकास, किंमत जवळजवळ शून्य. नावाला भुलू नये, ते यासाठी.

बाकीचं थोडक्यात. तुलना करायची तर त्याच सालाचं आणि त्याच टांकसाळीचं नाणं घ्या: सालाखाली तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, हिऱ्यासारखी खूण मुंबई, काहीच नसेल तर कोलकाता. तांब्याच्या जुन्या शिवराईवरची अक्षरं दुहेरी दिसली तर ती हातोड्याने ठोकलेली आहे हे लक्षात ठेवा. तिथे ठोकाच दोनदा पडलेला असू शकतो, ते प्रकरण निराळं. आणि कुठलंही नाणं चिंच-मिठाने घासू नका.

आता जे बोलायला खरं मी इथे आलो ते. तुमचं नाणं खरा डबल डाय असो वा नसो, ते विकण्यासाठी तुम्ही कुणाला पैसे द्यायचे नसतात. एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले होते. फोनवरच्या माणसाने त्यांच्या रुपयाचे दोन लाख ठरवले, मग नोंदणीचे पैसे मागितले, मग कर, मग कमिशन. गुरुजींनी भरले. मी भिंग लावलं, तर सपाट पायरी! अहो, ज्याला दोन लाख द्यायचे आहेत, तो त्यातून आपले हजार कापून नाही का घेणार? तुमच्याकडून आधी कशाला मागेल? रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याबद्दल लोकांना जाहीर सावध केलेलं आहे. बँकेच्या नावाने कर आणि कमिशन मागणारे हे लोक बँकेचे नाहीत, आणि बँक असल्या व्यवहारात पडत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. वैष्णोदेवीच्या २०१२ च्या पाच आणि दहाच्या नाण्यांबाबतही असेच लाखांचे आकडे फिरतात. देवीचं नाणं म्हणून देव्हाऱ्यात ठेवा, मी नाही म्हणणार नाही. पण ते रोजच्या चलनातलं नाणं आहे.

विक्रीसाठी आधी पैसे मागितले की फोन ठेवा. ओटीपी मागितला तरी ठेवा. आणि पैसे गेलेच असतील, तर घरच्यांपासून लपवत बसू नका. रागावतील, पण मदतही तेच करतील. लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा.