मास्टर्स की एमबीए? एका वर्षाच्या कर्जाची गोष्ट

(मंडळाच्या मराठी शाळेच्या पालकसभेनंतर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेलं बरंचसं तसंच ठेवलं आहे.)



कार्यकारिणीने मला 'करिअर मार्गदर्शन' असं भारदस्त शीर्षक देऊन इथे उभं केलं आहे. मी मार्गदर्शक वगैरे काही नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर, पेशाने आयटी कन्सल्टंट, आणि मध्ये एक वर्ष ह्याच देशात मॅनेजमेंटचं एमएस्सी केलेला माणूस. त्या एका वर्षाचं कर्ज फेडायला मला पाच वर्षं लागली. तेव्हा काय करावं हे नाही, तरी कुठे फसायला होतं हे सांगण्याचा अधिकार मला आहे असं मी समजतो.

निमित्त झालं भाच्याचं. ताईचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दर रविवारी ताईचा फोन, "अरे, त्याला तिकडे एमबीए करायचंय. तुमच्याकडे एका वर्षात होतं ना?" भाच्याने कोर्सचं माहितीपत्रक पाठवलं. बघतो तर 'एमएस्सी मॅनेजमेंट'. मी म्हटलं, "ताई, हे एमबीए नाहीये." ती म्हणाली, "तेच रे ते!"

सगळा घोळ ह्या 'तेच रे ते' मध्ये आहे. आणि त्यात ताईची काहीच चूक नाही. मुंबईच्या जमनालाल बजाजमधून मिळणारी पदवी आहे एमएमएस, म्हणजे मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज. पण तिथून बाहेर पडलेल्या मुलाला आपण आयुष्यभर 'एमबीए' च म्हणतो. आयआयएमला तर २०१७ चा कायदा येईपर्यंत पदवी देण्याचा अधिकारच नव्हता, त्या डिप्लोमा देत. तरी लग्नाच्या बायोडेटात लिहायचं 'एमबीए, आयआयएम'. तिथे मुलं बावीस-तेविसाव्या वर्षी जातात, पुष्कळशी कॉलेजातून थेट किंवा वर्ष-दोन वर्षं नोकरी करून. गंमत म्हणजे फायनान्शियल टाइम्स जेव्हा जगभरच्या कोर्सेसची क्रमवारी लावतो, तेव्हा आयआयएमचा दोन वर्षांचा मुख्य कोर्स तो 'मास्टर्स इन मॅनेजमेंट' च्या यादीत घालतो. एमबीएच्या यादीत जातो तो अनुभवी लोकांसाठीचा एक वर्षाचा कोर्स. म्हणजे आपण तिकडे ज्याला एमबीए म्हणत आलो, ते इकडच्या हिशोबाने बरंचसं मास्टर्सच आहे.

इकडे एमबीए म्हणजे अनुभव असलेल्या माणसाचा कोर्स. एमबीएला मान्यता देणारी अँबा नावाची इथली संस्था आहे, तिची अटच मुळी पदवीनंतर किमान तीन वर्षं कामाची आहे. मॅनेजमेंटचं मास्टर्स ह्याच्या बरोबर उलट. ते नुकत्याच पदवीधर झालेल्या, नोकरी न केलेल्या मुलांसाठी. युरोपात त्याला वजन आहे. वर्षानुवर्षं एमबीएसाठीच ओळखल्या जाणाऱ्या इन्सेआडनेसुद्धा २०२० साली ते सुरू केलं. म्हणजे कमी दर्जाचं वगैरे अजिबात समजू नका. वेगळ्या वयाचं आहे, एवढंच.

आता माझी गोष्ट. २०११ साली बीई झालो. हातात एका कंपनीचं ऑफर लेटर होतं, पण कोडिंग करत बसायचं नाही, 'मॅनेजर' व्हायचं अशी हवा डोक्यात. पुण्यातल्या एका एजंटाने सांगितलं, "इंग्लंडला जा, एका वर्षात मास्टर्स, वर दोन वर्षं नोकरीचा व्हिसा." पौंड तेव्हा पंच्याहत्तर रुपयांच्या आसपास होता. बाबांनी नाशिकचं घर तारण ठेवून पंधरा लाखांचं कर्ज काढलं. मी सप्टेंबरात इथे दाखल.

त्या दोन वर्षांच्या व्हिसाची योजना एप्रिल २०१२ मध्ये बंद झाली. माझा कोर्स संपणार होता सप्टेंबर २०१२ ला. बरं, हे अचानकही झालं नव्हतं. सरकारने २०११ च्या मार्चमध्येच, म्हणजे मी विमानात बसायच्या सहा महिने आधी, जाहीर केलं होतं. एजंटाने सांगितलं नाही हे खरं, पण मीही वाचलं नाही. इंजिनिअर झालेला मुलगा, दिवसभर इंटरनेटवर! बाबांना हे फोनवर सांगायला मला तीन आठवडे लागले. ते फक्त म्हणाले, "जेवतोयस ना नीट?"

माझ्या वर्गात एक ग्रीक मुलगी होती. मार्क माझ्याएवढेच, अनुभव माझ्याएवढाच, म्हणजे शून्य. तिला इथल्या एका मोठ्या कंपनीच्या ग्रॅज्युएट स्कीममध्ये नोकरी लागली, कारण तेव्हा ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये होतं आणि तिला व्हिसाच लागत नव्हता. मला प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न व्हिसाचा आणि दुसरा "आधी कुठे काम केलंय?" डिसेंबरात बाडबिस्तरा गुंडाळून परत गेलो. जानेवारी २०१३ मध्ये हिंजवडीत नोकरी धरली, कोडिंगचीच. माझे बीईचे मित्र तोवर माझ्या दीड वर्ष पुढे गेलेले. त्यातला एक माझा टीम लीड!

पण पैशापलीकडची एक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या अलीकडेच लक्षात आली. एमएस्सीला आम्हाला एक केस होती. एका कंपनीत नवीन कॉम्प्युटर सिस्टिम येते आणि जुने कामगार ती वापरत नाहीत. कारणं सांगा, उपाय सुचवा. मी छान निबंध लिहिला. चौकोन, बाण, तीन विचारवंतांची नावं. बासष्ट मार्क पडले. खरं सांगू? त्यातलं एक अक्षर मला कळलं नव्हतं.

पुढे २०१५ मध्ये एका क्लायंटच्या गोदामात आम्ही नवी सिस्टिम बसवली. पहिल्या महिन्यात स्क्रीनवरचा साठा आणि प्रत्यक्षातला साठा जुळेचना. शेवटी एका शनिवारी मी स्वतः तिथे जाऊन बसलो. गोदामातले एक काका, वीस वर्षांची नोकरी, खिशातून छोटी डायरी काढून त्यात लिहीत होते. संध्याकाळी जमेल तेवढं सिस्टिममध्ये भरायचे. मी विचारलं, काका, असं का? ते म्हणाले, "साहेब, डायरीत चूक झाली तर मी खोडतो. तुमच्या मशीनमध्ये चूक झाली तर माझं नाव वर जातं." निबंधात लिहायला हवं होतं ते हे. पण बावीस वर्षांच्या मला ते कुठून सुचणार?

कंपनीने २०१७ मध्ये मला इकडे पाठवलं. पुढे नोकरी बदलली, २०२१ मध्ये नवीन व्हिसा मिळाला, घर घेतलं. आणि २०२२ मध्ये पुन्हा किडा वळवळला. एका बिझनेस स्कूलच्या पूर्ण वेळ एमबीएला प्रवेशही मिळाला. फी पासष्ट हजार पौंड, वर एक वर्षाचा पगार पाण्यात. पण खरी अडचण वेगळीच निघाली. इथे कायम राहण्याच्या परवानगीसाठी, म्हणजे आयएलआरसाठी, तेव्हाच्या नियमाने माझ्या व्हिसावर सलग पाच वर्षं लागत होती. स्टुडंट व्हिसावर गेलो असतो तर झालेली वर्षं वाया जाऊन शून्यापासून मोजणी. तक्ता मांडून बायकोला दाखवला. तिने तो शांतपणे पाहिला आणि विचारलं, "ह्यात माझी आणि मुलीची वर्षं कुठल्या कॉलममध्ये आहेत?" प्रवेश सोडला.

दोन वर्षांनी पार्ट टाइम एमबीए सुरू केलं. महिन्यातून एक शनिवार-रविवार वर्ग, अर्धी फी कंपनी भरते, त्या बदल्यात पुढे दोन वर्षं कंपनी सोडायची नाही. पहिल्याच सत्रात तशीच केस आली, नवी सिस्टिम आणि न वापरणारी माणसं! ह्या वेळी शेजारी एनएचएसमधली वॉर्ड मॅनेजर होती, एक बांधकाम व्यावसायिक होता. दोन तास कडाक्याची भांडणं झाली. मी डायरीवाल्या काकांची गोष्ट सांगितली. वॉर्ड मॅनेजर म्हणाली, आमच्या नर्सेस हातमोज्यावर पेनने लिहितात! एकाही विचारवंताचं नाव निघालं नाही.

इथे वाढलेल्या आपल्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. त्यांना व्हिसाची कटकट नाही. इतिहास किंवा बायॉलॉजी घेऊन एकविसाव्या वर्षी पदवी झाली आणि बिझनेसमध्ये शिरायचंय, तर एमएस्सी मॅनेजमेंट खरंच उपयोगी. पदवीच बिझनेसची असेल तर मात्र थांबून विचार करा, पुष्कळसं तेच ते पुन्हा शिकाल. काही कोर्स तर अशा मुलांना घेतही नाहीत. सरकारी मास्टर्स लोन मिळतं, पण २०२५-२६ ला ते १२,८५८ पौंड होतं, आणि नावाजलेल्या ठिकाणची फी त्याच्या कितीतरी वर. उरलेले कुणाच्या खिशातून, हे आधी घरात बोला.

आणि भाच्यासारख्या तिकडून येणाऱ्यांसाठी. ती बंद झालेली व्हिसाची वाट २०२१ मध्ये ग्रॅज्युएट रूट म्हणून पुन्हा उघडली, दोन वर्षांची. पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती दीडच वर्षाची. जानेवारी २०२४ पासून ह्या असल्या कोर्ससाठी, एमबीए धरून, नवरा-बायको-मुलांना बरोबर आणता येत नाही. म्हणजे तिशीतला संसारी माणूस पूर्ण वेळ एमबीएला येणार असेल तर एकटाच. हे एजंट सांगेल किंवा सांगणार नाही. सरकारच्या वेबसाइटवर स्वतः वाचा, आणि येतोय त्या दिवशीचं नव्हे, कोर्स संपेल त्या दिवशीचं गणित मांडा.

भाच्याला मी जाऊ नकोस म्हटलं नाही. माझी ही सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तुला पहिली नोकरी बदलायचीय की पहिली नोकरीच हवीय?" तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, कॅम्पसमधून एक ऑफर आहे, आईला अजून सांगितलं नाहीये." गेल्या महिन्यात त्याने ती घेतली. एमएस्सीचा फॉर्म अर्धा भरून ठेवलाय म्हणतो, असू दे.

ताईचा रविवारचा फोन अजून येतो. आता विचारते, "तीन वर्षं झाली की मग एमबीएच ना रे?"

असो. कुणाला फॉर्म, फी, व्हिसाबद्दल विचारायचं असेल तर मी चहाच्या टेबलापाशी आहे. बटाटेवडे गार व्हायच्या आत या.