टिंबावरची निष्ठा

पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो, तुमचं अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं थोडं जास्त.

मी आयुष्यभर गणिताच्या चिन्हांवरून भांडत आलो, तेव्हा आजही तेच बोलणार. बरोबरचं चिन्ह तुम्ही पहिलीपासून वापरता. ते वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डनं १५५७ साली छापलं. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांइतकं सारखं दुसरं काय असणार, असं त्याचं म्हणणं. पुढच्याच वर्षी तो तुरुंगात वारला आणि चिन्ह साठेक वर्षं पुन्हा छापलं गेलं नाही. चांगल्या चिन्हालाही वशिला लागतो!

एकदा पेपर तपासताना, तालुक्याच्या कॉलेजातल्या एका मुलानं डेरिव्हेटिव्ह दाखवायला अक्षरावर टिंब दिलेलं दिसलं. उत्तर अचूक होतं. मॉडरेटरसाहेबांनी गुण कापले. म्हटलं, "अहो, हे न्यूटनचं टिंब आहे." ते म्हणाले, "न्यूटन आपल्या अभ्यासमंडळावर नाहीत." मुलाचा फर्स्ट क्लास गेला. माझा राग अजून गेलेला नाही.

केंब्रिजमध्ये नेमकं उलटं झालं होतं. लायब्निझनं १६७५ साली कॅल्क्युलससाठी 'डी' आणि लांबवलेला 'एस' योजला. हिशेबाला ती चिन्हं फार सोयीची. पण कॅल्क्युलसचा शोध आधी न्यूटनचा की लायब्निझचा, हा वाद पेटलेला. त्यामुळे इंग्रजांनी शंभरहून अधिक वर्षं टिंब सोडलं नाही. तिकडे युरोपखंडात बेर्नुली, ऑयलर, लाग्रांज कुठल्या कुठे निघून गेले. शेवटी १८१२ साली बॅबेज, हर्शेल, पीकॉक या केंब्रिजच्या, तुमच्याच वयाच्या पोरांनी लायब्निझची चिन्हं आणण्यासाठी मंडळ काढलं. १८१७ साली पीकॉक परीक्षेचा मॉडरेटर झाला आणि त्यानं सरळ प्रश्नपत्रिकेतच लायब्निझची चिन्हं घातली. असाही मॉडरेटर असतो!

म्हणून एकच सांगतो, आणि दोनदा सांगतो. गुरूंवर प्रेम करा, त्यांच्या चिन्हांवर निष्ठा वाहू नका. निष्ठा वाहू नका. ज्या कामासाठी चिन्ह आणलं ते काम होत नसेल तर ते बदला, आणि दुसऱ्यानं बदललं तर त्याचे गुण कापू नका.

टिंबाचंच पाहा. बख्शालीच्या जुन्या गणिती हस्तलिखितात ते शून्य आहे. ऋण संख्येला तिथे चक्क आपल्या अधिकसारखी फुली. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अंकावर टिंब दिलं की संख्या ऋण. अव्यक्तांना, म्हणजे अज्ञात राशींना, ते रंगांची नावं देतात: कालक, नीलक, पीतक. आणि गुणाकाराची फुली 'एक्स'सारखी दिसते म्हणून लायब्निझनं गुणाकारालाही टिंबच पसंत केलं. आणि हे शिकवणंही आपल्याकडे जुनंच: चाळीसगावजवळच्या पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढल्याचं त्यात कोरलंय. आमच्या अभ्यासमंडळाकडे मी या सगळ्यासाठी वर्षाला फक्त दोन तास मागितले होते. "परीक्षेला येणार नाही, मग कशाला?" म्हणून ठराव बारगळला. तुमच्यापैकी कुणी त्या खुर्चीत बसलंच, तर तो पुन्हा मांडा. मसुदा माझ्याकडे तयार आहे.